समुद्र चारशे किलोमीटरवर, तरी माजलगावच्या मुलांना बेटावरचं शिबिर कशासाठी?

मे महिना आला की मोबाईलवर उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. त्यात आता किनारा, बेटं आणि तिथली संस्कृती दाखवणारी शिबिरंही असतात. बीड जिल्ह्यातल्या माजलगावहून मुंबईचा समुद्र चारशेहून अधिक किलोमीटरवर आहे. इथल्या मुलांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे सिंदफणेवरचं माजलगाव धरण. मग बेटावर जाऊन ती काय शिकणार?

पहिला धडा पाण्याचा

मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला कुरटे बेटावर आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये त्याचं बांधकाम सुरू केलं. चहूबाजूंनी खारं पाणी असूनही किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव.

लहान बेटांवर गोडं पाणी येतं कुठून? पावसाचं पाणी जमिनीत मुरतं. ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्याने वरच्या थरात राहतं. उपसा वाढला की खालचं खारं पाणी वर सरकतं आणि विहीर खारट होते. टँकरची वाट पाहिलेल्या आणि कोरडे बोअर बघितलेल्या मुलांना हे समजवायला फळा लागत नाही.

दुसरा धडा माणसांचा

मालवणचा समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. इथे प्रवाळ आहेत, माशांची विविधता आहे. पण मासेमारीवर बंधनं येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला. मुंबईजवळच्या घारापुरीची लेणी त्याच वर्षी जागतिक वारसा ठरली. बेटावरच्या गावांत समुद्राखालच्या केबलने वीज पोहोचली ती थेट २०१८ मध्ये.

जागा जपायची, पण तिथल्या माणसांचं काय? हा प्रश्न माजलगावला नवा नाही. धरणासाठी इथल्याही गावांनी जमिनी दिल्या आहेत.

अडचण कुठे आहे?

पहिली अडचण फीची. दुसरी त्याहून अवघड आहे. बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. काही मुलं सोबत फडावर जातात, काही आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. मे महिना हा त्यांचा आई-वडिलांसोबत राहायचा काळ. नेमकं तेव्हाच शिबिर ठेवलं तर ही मुलं आपोआप बाहेर राहतात.

हिवाळ्यात समुद्र शांत असतो आणि कोकणात कासवांचा अंडी घालण्याचा हंगामही तेव्हाच असतो. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी १० दिवस दप्तराविना शिक्षणाची तरतूद आहे, ती इथे वापरता येईल. मात्र फडावर गेलेली मुलं तेव्हाही सुटतील. त्यांच्यासाठी मे महिन्यातच, पण दोन-तीन दिवसांचं छोटं शिबिर लागेल.

सुरक्षेचं काय?

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्यातल्या महाविद्यालयाच्या सहलीतले विद्यार्थी बुडाले. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जणांचा जीव गेला. त्यामुळे पालकांनी तीन गोष्टी विचारायलाच हव्यात: प्रत्येक मुलाला लाइफ जॅकेट मिळेल का, भरती-ओहोटीच्या वेळा बघून कार्यक्रम ठरलाय का आणि सोबत स्थानिक जाणकार आहे का?

परत आल्यावर

शिबिराचा कस परत आल्यावर लागतो. पैठणहून येणाऱ्या उजव्या कालव्याचं पाणी माजलगाव धरणात पडतं. ते पाणी कुणाला मिळतं, धरणात मासे कोण धरतं, कुठले पक्षी कधी येतात, याची नोंद मुलांनी वहीत केली तर बेटावरचा धडा गावात पोहोचला असं म्हणता येईल. आणि ज्याला बेटावर जाता आलं नाही, त्यालाही या नोंदीत सामील होता येईल.