खाली किती जायचं?



आमची लेक स्कूबा डायव्हिंग शिकायला चार महिन्यांसाठी थायलंडच्या को ताओ बेटावर निघाली आहे. इथे भाट्याच्या घरी खाकरे भाजणं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना उत्तरं देणं, दोन्ही चालू आहे. "ऐन चातुर्मासात? तेही समुद्रात, एवढ्या जीवांमध्ये?"

पहिले धडे तिने तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात घेतले. पण पावसाळ्यात आपला समुद्र खवळलेला, डायव्हिंग बंद. जीवांचं म्हणाल, तर पाण्यात कशालाही हात लावायचा नाही हा त्यांचा नियमच आहे. पोवळ्यांना पाय लागू नये म्हणून अधांतरी तरंगायला शिकवतात. आपण अंगणातून चालताना तरी एवढं जपतो का?

आपल्या दिग्व्रतात चारही दिशांबरोबर वर किती, खाली किती जायचं याचीही मर्यादा असते. 'खाली' हा शब्द मी आजवर नुसता म्हणून जायचे. तिच्या पहिल्या प्रमाणपत्राची मर्यादा 18 मीटर, पुढच्याची 30. तिने ती व्रताच्या वहीत लिहिली आहे.

अडलं ते पाण्यावर. अंगात पाणी कमी असताना डायव्हिंग करणं धोक्याचं, आणि ही लहानपणापासून चौविहार करणारी. मी म्हटलं, तिकडे तिविहार कर, रात्री पाणी पी. डायव्हिंग असेल त्या दिवशी निर्जळ उपवास अजिबात नको. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. माझं मत तेच आहे.

काल त्यांनीच पाणी गाळायची दोन फडकी धुऊन, घडी करून तिच्या बॅगेत ठेवली.