सेवा देवळापाशीच का थांबते?

‘हल्ली फुकट कोणी कुणासाठी काही करत नाही,’ हे पारावरचे ठरलेले वाक्य. बुलढाणा जिल्ह्यापुरते तरी ते खोटे आहे. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानात सेवा मिळावी म्हणून लोक नाव नोंदवून पाळीची वाट पाहतात. मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीला मोकळ्या रानात पंगती बसतात. दोन रांगांमधून ट्रॅक्टर सावकाश सरकतो आणि ट्रॉलीतले स्वयंसेवक पुरी नि वांग्याची भाजी वाढत जातात. एवढा अफाट जनसमुदाय शिस्तीत जेवून उठतो. मग हेच हात गावच्या आरोग्य उपकेंद्रात, वाचनालयात, पाण्याच्या टाकीपाशी का दिसत नाहीत?

श्रद्धेमुळे, असे उत्तर मिळते. ते अर्धेच खरे. श्रद्धा माणसाला शेगावपर्यंत आणते, पण तिथे त्याला कामाला लावते ती व्यवस्था. आपल्याला कुठे उभे राहायचे, किती वेळ, अडले तर कुणाला विचारायचे, हे सेवेकऱ्याला ठाऊक असते. संस्थानचे दिवंगत विश्वस्त शिवशंकरभाऊ पाटील यांनी घालून दिलेल्या शिस्तीची कीर्ती महाराष्ट्रभर आहे ती याचसाठी. याउलट सरकारी स्वच्छता मोहीम आठवा: बॅनर, नवे कोरे खराटे, फोटो, आणि अकराच्या आत सगळे घरी. दुसऱ्या दिवशी कुणी काय करायचे, हे कुणी सांगितलेलेच नसते.

श्रद्धेविना हे जमते का? मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडने (जिजाऊंचे सिंदखेडराजा वेगळे) ते दाखवले आहे. 2018 च्या वॉटर कप या श्रमदानातून जलसंधारण करण्याच्या स्पर्धेत हे गाव राज्यात विभागून दुसरे आले. स्पर्धा 45 दिवसांची होती, तीही एप्रिल-मे महिन्यांतली. असल्या उन्हात माणसे टिकतात, कारण काम मोजता येते. फक्की मारून चर आखलेला असतो, त्याची लांबी, रुंदी, खोली ठरलेली असते. आज आपला तुकडा झाला की नाही, हे संध्याकाळी ज्याचे त्याला दिसते. बक्षिसासाठी केले, असे म्हणणारे म्हणोत. जमिनीत मुरलेले पाणी बक्षिसाची चौकशी करत नाही.

यावर एक आक्षेप मात्र गंभीर आहे. चर खोदायला भूमिहीनही येतो, पण पाणी वाढते ते विहीरवाल्याचे. शिवाय रोजंदारीवर जगणाऱ्याने मजुरी बुडवून ‘दान’ करायचे, हा कुठला न्याय? हे मला मान्य आहे. 1972 च्या दुष्काळातून गेलेल्या महाराष्ट्राने 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, तो खोदकामाला दाम मिळावा म्हणूनच. जिथे मजुरी देता येते तिथे श्रमदानाच्या नावाखाली ती वाचवू नये. पगारी जागा रिकामी ठेवून तिथे स्वयंसेवक बसवणे हीसुद्धा लबाडीच. पण कुठल्याच पगारपत्रकात न बसणारी कामे गावात ढीगभर आहेत. निराधार म्हातारीचा अर्ज भरून तिच्यासोबत तहसीलला जाणे, मागे पडलेल्या पोराला रोज अर्धा तास वाचायला बसवणे, विहिरींची पातळी दर महिन्याला मोजून ती चावडीवर लिहिणे. ही कामे सरकारने करावीत म्हणून वाट पाहणे म्हणजे ती न करणे.

करणाऱ्याच्या पदरातही काही पडते. राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून चालू आहे. विद्यार्थ्याने दोन वर्षांत 240 तास द्यावेत, अशी तिची अपेक्षा. योजनेतले सात दिवसांचे शिबिर पार पडले की बहुतेक ठिकाणी गाव आणि विद्यार्थी दोघेही सुटल्यासारखे पांगतात. तोच मुलगा वर्षभर एकाच गावात जात राहिला, तर सातबारा वाचायला शिकेल, ग्रामसेवकाशी न घाबरता बोलेल, आणि आपल्या शब्दावर कुणी विसंबून आहे याची सवय त्याला लागेल. पदवीच्या कागदाने यातले काहीच मिळत नाही.

म्हणून जिल्ह्यातल्या सरपंचांना आणि महाविद्यालयांना विनंती आहे. येत्या ग्रामसभेत सेवेच्या कामांची एक वही ठेवा. काम कोणते, वार कोणता, वेळ किती आणि विचारायचे कुणाला, एवढे चारच रकाने त्यात आखा. नावे लिहायला लोक येतील. शेगावला ते रांग लावतातच.

आपला,
एक वाचक, बुलढाणा