पुन्हा मांड ठोकताना



मिहानच्या सीमेवर, खापरीच्या बाजूला माझा दवाखाना आहे. प्रकल्पासाठी ज्यांची शेती आणि राहती घरे गेली, अशा एका कुटुंबाकडून गेल्या पावसाळ्यात मला बोलावणे आले. ७६ वर्षांच्या आजी पलंगावर होत्या. चार महिन्यांपूर्वी नव्या घरातील न्हाणीघराच्या गुळगुळीत फरशीवर त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया वेळेवर झाली, उत्तम झाली. हाड जुळल्याचा एक्स-रे उशाशीच ठेवला होता. तरीही आजी उठत नव्हत्या. मुलगा अभिमानाने म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आम्ही आईला खाली पायसुद्धा ठेवू देत नाही." त्याच्या मायेविषयी मला शंका नव्हती. आजींना विचारले, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "हाड तं जुळलं जी, पन भेव जात नाई."

आजचा लेख त्या 'भेवा'विषयी आहे. तो समजून घेण्यासाठी मी तुम्हाला थोडा वेळ घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर नेणार आहे; कारण पडणे हा ज्यांच्या व्यवसायाचाच भाग असतो, त्या जॉकींकडून आपल्याला पुष्कळ शिकता येते.

आपल्याकडे रेसकोर्स म्हटले की मुंबईचे महालक्ष्मी आणि पुणे ही नावे आठवतात, आणि जॉकी म्हटले की पुरुषच डोळ्यांसमोर येतो. परंतु चेन्नईच्या रूपा सिंग यांनी व्यावसायिक जॉकी म्हणून सातशेहून अधिक शर्यती जिंकून दाखविल्या आहेत. मला आज सांगायची आहे ती कथा मात्र अमेरिकेच्या ज्युली क्रोन यांची. कारण त्यांनी आपल्या विजयांप्रमाणेच आपले भयही लपवून ठेवले नाही.

ज्युली क्रोन यांचा जन्म १९६३ सालचा, मिशिगन राज्यातला. उंची चार फूट दहा इंच. आई घोडेस्वारीत मुरलेली. मुलीला तबेल्यात काम मिळावे म्हणून त्या माउलीने तिच्या जन्मदाखल्यावरील तारीख बदलली होती! फेब्रुवारी १९८१ मध्ये फ्लोरिडातील टॅम्पा येथे त्यांनी पहिली शर्यत जिंकली. त्या काळी स्त्रीच्या हाती चांगला घोडा द्यायला मालक कचरत असत. तरीही ५ जून १९९३ रोजी 'कलोनियल अफेअर' या घोड्यावर त्यांनी बेलमाँट स्टेक्स ही दीड मैलाची मानाची शर्यत जिंकली. अमेरिकेतील 'ट्रिपल क्राउन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तीन शर्यतींपैकी एखादी जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला.

त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते. ३० ऑगस्टला साराटोगाच्या मैदानावर भरधाव घोड्यावरून त्या फेकल्या गेल्या. उजव्या घोट्याचा चुराडा झाला. मागून येणाऱ्या घोड्याची टाप छातीवर बसली आणि हृदयाला मुका मार लागला. अंगात संरक्षक जाकीट होते म्हणून प्राण वाचले. घोटा दोन पट्ट्या आणि चौदा स्क्रू घालून जोडावा लागला. सुमारे नऊ महिन्यांनी, मे १९९४ मध्ये, त्यांनी पुन्हा घोड्यावर मांड ठोकली. वृत्तपत्रांच्या दृष्टीने कथा येथेच संपायला हवी होती.

पण जानेवारी १९९५ मध्ये त्या पुन्हा पडल्या. या वेळी हाताला इजा झाली. हाताचे हाड यथावकाश भरून आले. मन मात्र भरून आले नाही. ज्या खोगिरावर त्या लहानपणापासून वाढल्या होत्या, त्यावर बसताना त्यांना धास्ती वाटू लागली. नैराश्याने घेरले. अखेर त्यांनी मानसोपचार घेतले आणि पुढे ते मोकळेपणाने सांगितलेही. चारशे किलोंहून अधिक वजनाच्या प्राण्याला लगामाच्या एका इशाऱ्यावर वळविणारी ही बाई भ्याड होती, असे कोण म्हणेल? भय हा पडण्याचाच एक परिणाम आहे. सूज येते, रक्त साकळते, तसेच भयही येते. फरक इतकाच, की त्याचा एक्स-रे निघत नाही.

वृद्धांमधील या भयाला वैद्यकशास्त्राने १९८२ मध्येच स्वतंत्र नाव दिले. पडल्यानंतर माणूस चालताना भिंत, टेबल, दुसऱ्याचा हात घट्ट धरू लागतो, पाऊल पुढे टाकायला धजत नाही आणि शेवटी चालणेच सोडतो. कित्येकदा या लोकांचे हाड मोडलेलेही नसते. नुसते पडलेले असतात. पुढचे दुष्टचक्र सोपे आहे. भीतीमुळे हालचाल कमी होते, हालचाल कमी झाली की स्नायू झडतात, स्नायू झडले की तोल जातो आणि माणूस खरोखरच पुन्हा पडतो. निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवून पाहिले, तेव्हा त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो स्नायू घटल्याचे आढळले होते. आमच्या आजी तर चार महिने पलंगावर होत्या. त्यांना खाली पाय ठेवू न देणारे घर प्रेमापोटी त्यांचे पाय काढून घेत होते.

मी आजींना ज्युलीबाईंची गोष्ट सांगितली. त्यांचे यजमान एके काळी शंकरपटात बैलजोडी हाकणारे धुरकरी होते; त्यामुळे शर्यत म्हणजे काय हे त्यांना शिकवावे लागले नाही. "बाईमानूस? अन् पडल्यावर पुन्हा चढली?" असे विचारून त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मालकही पडले होते पटावर. दुसऱ्या वर्साले पुन्हा गेले."

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन आणि फिजिओथेरपिस्टच्या मदतीने आम्ही सुरुवात केली. पहिल्या दिवशी फक्त पलंगाच्या कडेला पाय सोडून बसणे. मग वॉकर धरून उभे राहणे आणि मनात वीस आकडे मोजणे. मग खुर्चीवरून उठणे-बसणे, सकाळी पाच वेळा, संध्याकाळी पाच वेळा. मग दारापर्यंत. जॉकीलाही अपघातानंतर एकदम शर्यतीत सोडत नाहीत. आधी संथ चाल, मग दुडकी आणि मग दौड.

आपल्या घरी कुणी पडले असेल, तर पुढील गोष्टी अवश्य ध्यानात ठेवाव्यात.

पडलेल्या माणसाला घाईने उचलू नये. एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला, खुब्यात तीव्र वेदना असली, डोक्याला मार लागला असला, शुद्ध हरपली असली, किंवा ती व्यक्ती रक्त पातळ करणारी औषधे घेत असली, तर थेट रुग्णालय गाठावे. अशी लक्षणे नसतील तर आधी कुशीवर वळवावे, मग हात आणि गुडघ्यांवर आणावे, समोर भक्कम खुर्ची ठेवून तिच्या आधाराने सावकाश उठू द्यावे. प्रकृती बरी असताना, कुणी सोबत असताना, जमिनीवरून उठण्याचा हा सराव करून ठेवणे उत्तम. 'पडलो तरी मला उठता येते' हा विश्वास भयावरचा मोठा उतारा आहे.

पडण्याचे कारण शोधावे. झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाची औषधे, मोतीबिंदू, सैल चप्पल, रात्रीचा अंधार, ओली फरशी ही नेहमीची कारणे आहेत. रक्तदाब बसून आणि उभे राहून, असा दोन्ही वेळा मोजून घ्यावा. औषधे मात्र स्वतःहून बंद करू नयेत. हाडांची घनता, ड जीवनसत्त्व आणि आहारातील प्रथिने यांविषयी डॉक्टरांशी बोलावे. जॉकीला संरक्षक जाकीट, तसे आपल्याला न्हाणीघरातील भिंतीचे दांडे, न घसरणारी चटई आणि रात्रीचा मंद दिवा.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, "दुखते का?" एवढेच विचारून थांबू नये, "भीती वाटते का?" हेही विचारावे. उत्तर 'हो' आले तर हसण्यावारी नेऊ नये. झोप उडाली असेल, जेवण तुटले असेल, माणूस कुणाशी बोलेनासा झाला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाची मदत घेण्यात कमीपणा नाही.

ज्युली क्रोन १९९९ मध्ये निवृत्त झाल्या. २००० साली अमेरिकेच्या अश्वशर्यतींच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये समाविष्ट झालेल्या त्या पहिल्या महिला ठरल्या. २००२ मध्ये त्या पुन्हा मैदानात उतरल्या आणि २००३ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, 'हाफब्रायडल्ड' या घोडीवर ब्रीडर्स कपमधील शर्यत जिंकणाऱ्या पहिल्या महिला झाल्या. त्याच वर्षाअखेर पुन्हा पडून बरगड्या मोडल्या, आणि २००४ मध्ये, ३,७०४ विजय नावावर असताना, त्या कायमच्या थांबल्या. मला त्यांचे हे थांबणेही मोलाचे वाटते. भयाने ग्रासलेल्या काळात त्यांनी खोगीर सोडले असते, तर तो निर्णय त्यांचा नसता, भयाचा असता. आपल्या वडीलधाऱ्यांनाही हाच अधिकार आहे. जिने चढणे, एकट्याने बाजाराला जाणे केव्हा सोडायचे हे त्यांनी आपल्याशी आणि डॉक्टरांशी बोलून ठरवावे. ते भीतीने ठरवू नये, आणि धास्तावलेल्या मुलांनीही परस्पर ठरवू नये.

आजी आता काठी घेऊन अंगणातल्या तुळशीपर्यंत जातात. भीती पुरती गेली का, असे मागच्या खेपेस विचारले. "हाये जी थोडी," त्या म्हणाल्या, "पन आता ते माह्या मांगं मांगं चालते." मुलगा दारात उभा होता. हात पुढे केलेला, पण धरलेला नाही.