इट्रियम हवं, पण धूळ कुणी खायची?

तुमच्या दाराबाहेर आत्ता लुकलुकणारी एलईडीची माळ कॉस्टकोतून आलेली असेल, नाहीतर गेल्या भारतवारीत दादरहून आणलेली असेल. कुठूनही आलेली असो, तिचा उजेड पांढरा असेल तर त्यात बहुतेक इट्रियमचा हात आहे. पांढरा दिसणारा एलईडी मुळात निळा असतो. त्यावर इट्रियम, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या स्फटिकाची पिवळी भुकटी लावतात, तिच्यात किंचित सिरियम असतं. निळ्या उजेडाचा काही भाग ही भुकटी पिवळा करून टाकते, आणि निळा-पिवळा एकत्र झाला की आपल्या डोळ्यांना पांढरं दिसतं.

आपल्यातल्या ज्येष्ठांची इट्रियमशी ओळख याच्याही आधीची आहे, फक्त नाव माहीत नव्हतं. 1982 साली, एशियाडच्या वर्षी, दूरदर्शन रंगीत झालं आणि शेजाऱ्यांच्या घरी जाऊन आपण ते डोळे भरून पाहिलं. त्या पडद्यावरचा लाल रंग इट्रियम आणि युरोपियमच्या संयुगांचा होता. 1960च्या दशकाच्या मध्यात हा लाल सापडला. त्याआधी टीव्हीचा लाल इतका फिका असे, की त्याला सांभाळून घ्यायला हिरवा आणि निळाही मंद ठेवावा लागे.

मंडळी, दिवाळी अंकात रसायनशास्त्र कशाला, असं वाटत असेल तर जरा थांबा. एप्रिल 2025 मध्ये चीनने सात रेअर अर्थ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं आणि त्यात इट्रियम होतं. तेव्हापासून आपले व्हॉट्सॲप ग्रुप भूगर्भशास्त्रज्ञांनी भरून गेले आहेत. कुठल्या कंपनीचे शेअर घ्यावेत याच्या टिपा येतात, कॅनडाच्या जमिनीत केवढं घबाड आहे याचे व्हिडिओ येतात, आणि त्यांच्या पाठोपाठ ठरलेली तक्रार येते: इथे परवानगी मिळायलाच दहा-दहा वर्षं लागतात, हे पर्यावरणवाले आणि नियमवाले काही होऊ देत नाहीत. आपल्यात इंजिनियर आणि गुंतवणूकदार भरपूर, त्यामुळे हा सूर आपल्याला पटकन पटतो. मला तो अर्धाच पटतो.

पटणारा अर्धा भाग आधी सांगतो. इट्रियमसारखी वस्तू एकाच देशाच्या मुठीत असणं वाईटच. एलईडी सोडून द्या, जेट इंजिनाच्या आतल्या भागांना उष्णतेपासून वाचवणाऱ्या लेपात ते असतं, लेझरमध्ये असतं, कर्करोगावरच्या काही उपचारांत त्याचं किरणोत्सारी रूप वापरतात. तेव्हा कॅनडाने ते काढावं, शुद्ध करावं, विकावं. याला माझा विरोध नाही.

पण ‘कॅनडाने पहिल्यांदाच या धंद्यात उतरावं’ असं जे लिहिलं जातं, ते खरं नाही. कॅनडाने इट्रियम काढलेलं आहे, आणि तेही आपल्या ऑन्टारिओत.

सडबरीहून सू सेंट मरीकडे हायवे 17 ने जाताना उजवीकडे 108 नंबरचा रस्ता फुटतो. त्याने आत गेलं की एलियट लेक. 1953 साली या भागात युरेनियम सापडलं, 1955 मध्ये जंगल तोडून गाव वसवलं गेलं. गारगोट्यांच्या खडकात ब्रॅनेराइट आणि युरॅनिनाइट ही खनिजं होती, सोबत मोनाझाइट. दगड दळून त्यावर सल्फ्युरिक आम्ल ओतायचं, विरघळलेलं युरेनियम वेगळं काढायचं, ही तिथली रीत. मग लक्षात आलं, की युरेनियम काढून घेतल्यावर जे आम्ल टाकून द्यायचं, त्यातच इट्रियम विरघळलेलं आहे. रंगीत टीव्हीमुळे त्याला भाव आला होता. 1960च्या दशकाच्या उत्तरार्धापासून 1990 पर्यंत, मधे खंड पडत, एलियट लेकने इट्रियम विकलं. एके काळी जगातल्या महत्त्वाच्या पुरवठादारांत त्याची गणना होती.

ही सोबत योगायोगाची नाही. रेअर अर्थ, म्हणजे मराठी पुस्तकांतली ‘विरल मृत्तिका’, नावाइतकी विरळ नसते. जमिनीत चांदीपेक्षा इट्रियम शेकडो पटींनी जास्त आहे. अडचण अशी, की ते एका जागी भरघोस सापडत नाही आणि एकटंही येत नाही. झेनोटाइम घ्या किंवा मोनाझाइट, नवरीमागे करवली यावी तसं थोरियम किंवा युरेनियम मागोमाग येतंच. सिद्धिविनायकाच्या दर्शनाला प्रभादेवीत गेला असाल, तर तिथे जवळच ‘इंडियन रेअर अर्थ्स’ या 1950 साली सुरू झालेल्या सरकारी कंपनीचं मुख्य कार्यालय आहे. ती अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत का, याचं उत्तर या करवलीत आहे. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत रेअर अर्थसोबत थोरियम असतं, आणि ते कुठे, कसं ठेवायचं हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता.

एलियट लेकच्या बोगद्यांत ही करवली हवेत होती. युरेनियमपासून रेडॉन वायू निघतो, तो आणि त्याची अपत्यं श्वासाबरोबर फुप्फुसात जातात. खडक गारेचा, म्हणजे फोडला की सिलिकाची धूळ. धूळ खाल्ली की सिलिकोसिस, रेडॉन खाल्ला की फुप्फुसाचा कर्करोग. खाणकामगार खोकत होते, मरत होते, आणि त्यांना सांगितलं जात होतं की सगळं मर्यादेत आहे.

1974च्या एप्रिलमध्ये डेनिसन खाणीच्या सुमारे हजार कामगारांनी काम बंद केलं. कायद्याने तो संप बेकायदेशीर होता. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट उघड झाली. एलियट लेकच्या कामगारांत फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आहे, असा निबंध ऑन्टारिओ सरकारच्याच लोकांनी फ्रान्समध्ये बोर्दोच्या परिषदेसाठी तयार केला होता. ज्यांच्या छातीबद्दल तो निबंध होता, त्यांना मात्र कुणी कळवलं नव्हतं. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त बोचतं ते हे. विज्ञान कमी पडलं नाही, आकडे मोजलेले होते, कागद तयार होता. तो सडबरीच्या पलीकडे दोन तासांवर पोहोचवायचा राहिला आणि अटलांटिक ओलांडून गेला.

विधानसभेत एनडीपीचे स्टीफन लुईस यांनी हा विषय लावून धरला. सरकारने टोरोंटो विद्यापीठातले अभियंते जेम्स हॅम यांचा आयोग नेमला, त्यांचा अहवाल 1976 मध्ये आला, आणि त्यातून घडलेला ऑन्टारिओचा कामगार सुरक्षा कायदा ऑक्टोबर 1979 पासून लागू झाला.

इथे जन्मलेल्या वाचकांनो, हा कायदा तुम्ही पाहिलेला आहे. टिम हॉर्टन्समध्ये किंवा वेअरहाऊसमध्ये पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात जे चार पायऱ्यांचं कंटाळवाणं ऑनलाइन ट्रेनिंग तुम्ही भराभर क्लिक करून संपवलंत, आणि ब्रेक रूमच्या भिंतीवर जे पोस्टर आहे, ते याच कायद्यातून आलं. धोका काय आहे हे जाणून घेण्याचा हक्क, सुरक्षेच्या निर्णयात भाग घेण्याचा हक्क, आणि धोकादायक काम नाकारण्याचा हक्क. त्या एका निबंधाच्या जोडीने हे तीन हक्क वाचून पाहा, पहिला हक्क पहिला का आहे ते समजेल.

कायदा आला म्हणून गाडलेलं सगळं वर आलं असं नाही. सिलिकोसिस टाळण्याचा उपाय म्हणून ऑन्टारिओच्या खाणींत 1943 पासून 1979 पर्यंत कामगारांना पाळीच्या आधी ॲल्युमिनियमची बारीक भुकटी हुंगायला लावत, एलियट लेकमध्येही. तिथल्या एका खाणकामगाराच्या मुलीने वडिलांच्या पार्किन्सन्सचा माग काढायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं ती मागे लागली, तेव्हा कुठे अभ्यास झाला. 2022 मध्ये सरकारने माफी मागितली. तोवर कितीजण उरले होते, हा हिशेब तुम्हीच करा.

आणि चोथा तिथेच आहे. खाणी 1990च्या दशकात एकामागून एक बंद झाल्या, शेवटची 1996 मध्ये. दळून उरलेला पंधरा कोटी टनांहून जास्त चिखल एलियट लेकच्या आसपास साठवलेला आहे, बराचसा पाण्याखाली, हवा लागून आम्ल तयार होऊ नये म्हणून. खाणकंपन्या आजही त्या पाण्यावर प्रक्रिया करतात आणि नमुने तपासतात. सर्पंट रिव्हर फर्स्ट नेशनच्या जमिनीवर तर 1957 ते 1963 सल्फ्युरिक आम्लाचा कारखाना चालला. कारखाना सहा वर्षांचा, माती साफ करून घेण्याचा झगडा कित्येक दशकांचा.

आता कुणी म्हणेल, हे जुनं झालं. आजच्या रेअर अर्थ खाणी उघड्या असतात, बोगदे नाहीत, वायुवीजनाचा प्रश्न नाही. बरोबर आहे. यलोनाइफजवळच्या नेचालाचोमध्ये 2021 साली काम सुरू झालं ते उघड्या खड्ड्यातच, आणि खोदकाम तिथल्याच डेने लोकांच्या कंपनीने केलं, ही चांगलीच गोष्ट. तिथे घोडं अडलं ते पुढे. खनिज वेगळं करण्याचा सास्कातूनमधला कारखाना 2023 मध्ये रखडला आणि खाणकंपनीने साठा एका चिनी कंपनीला विकण्याचा सौदा केला. शेवटी 2024 मध्ये सास्काचेवानच्या सरकारी संशोधन संस्थेने तो विकत घेतला, म्हणून देशात राहिला. यात कुठल्या पर्यावरणवाल्याने खो घातला? परवानगी मिळाली होती, खड्डा खणला होता, दगड हातात होता. नव्हतं ते शुद्धीकरणाचं कौशल्य आणि धीराचं भांडवल. व्हॉट्सॲपवरच्या व्हिडिओत हा भाग येत नाही, कारण त्यावर शेअर विकता येत नाहीत.

तरीही कात्री नियमांवरच चालली आहे. जून 2025 मध्ये ऑन्टारिओत बिल 5 मंजूर झालं. त्यातून मंत्रिमंडळाला ‘विशेष आर्थिक क्षेत्र’ जाहीर करता येतं आणि त्या क्षेत्रातल्या निवडक कंपन्यांना प्रांताच्या कायद्यांतून सूट देता येते. पहिलं नाव घेतलं जातं ते उत्तरेच्या रिंग ऑफ फायरचं. तिथे मुख्यतः निकेल आणि क्रोमाइट आहे, इट्रियम नव्हे, पण पायंडा पडला की तो खनिज विचारून थांबत नाही. फर्स्ट नेशन्सनी विरोध केला तो जमिनीसाठी आणि विचारलं न गेल्याबद्दल. मला त्याच्या जोडीला 1979चा कायदा आठवतो. तोही प्रांताचाच कायदा आहे.

आपण बहुतेकजण या देशात आलो ते नियम पाळले जातात म्हणून, आणि चार पैसे जमल्यावर नियमांचा जाच होतो म्हणून कुरकुरायला लागलो. खाणीत आपली मुलं सहसा जाणार नाहीत, हेही खरं. ती ऑफिसात बसून त्या खाणीचे आराखडे काढतील, अहवाल लिहितील. कदाचित बोर्दोला जाणारा निबंधही त्यांच्यातलंच कुणीतरी लिहील.

दरवर्षी आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमाला एखादे एमपीपी येतात. समईची एक वात लावतात, ‘शुभ दिवाली’ म्हणतात, फोटो होतो, प्लेटभर फराळ घेऊन निघतात. यंदा चकली पुढे करताना त्यांना एवढंच विचारा: विशेष क्षेत्रात कामगार सुरक्षेचा कायदा पूर्ण लागू राहील का, आणि तसं लेखी कुठे आहे? उत्तर मिळालं तर मंडळाच्या पुढच्या पत्रकात छापू या.