फुकटची शाळा

फुकट ते पौष्टिक, यावर माझी बालपणापासून श्रद्धा. २०१७ साली सरकारने ‘स्वयम्’ सुरू केले, तेव्हा घरबसल्या शिकण्याची जणू पंगतच बसली. वयाची अट नाही, शिकायला पैसे नाहीत. परीक्षा देऊन दाखला हवा असेल तेवढीच फी. म्हटले, दाखला घेऊन मला कुठे नोकरी लागायचीय!

निमित्तही होते. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने आमच्या दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. नवी वाडी शास्त्रशुद्ध लावावी म्हणून मी एका फुकट वर्गात नाव घातले. (कुठल्या ते सांगत नाही, गुरुनिंदा नको.) प्राध्यापक सज्जन, पण बोलणे इंग्रजी, आणि तेही उतारावरच्या एस. टी.सारखे सुसाट. दहा मिनिटांनी हिने विचारले, “अहो, शिकताय की झोपलात?”

आता विद्वान म्हणतात, प्रौढांना चिकाटी नाही, अभ्यास अर्धवट सोडतात. वा! रोप लावून सुपारी धरायची पाच-सात वर्षे वाट बघणाऱ्याला तुम्ही चिकाटी शिकवणार? पान फुकट मांडलेत, पण वाढलेले आमच्या घशाखाली उतरेल का, हे कोणी पाहायचे? अहो, याच गावच्या ताम्रपटावर १०६० साली मराठी कोरली गेली. तांब्यावर जमले, ते काचेवर का जमू नये?

तोवर माझी शिकवणी शेजारच्या आजोबांकडे. तीही फुकटच. फी म्हणून चहा, आणि प्रश्न विचारला की उत्तर मराठीत!