नितळ आणि निर्मळ

डाळिंबाच्या सालीचा आणि कापडाचा संबंध फार जुना आहे. भारतातील रंगारी ही साल पाण्यात उकळून तिच्यापासून पिवळसर, तपकिरी छटा मिळवीत असत. नीळ, मंजिष्ठ व हळद यांच्या जोडीने तिलाही रंगकामात स्थान होते. १८५६ साली विल्यम हेन्री पर्किन या अवघ्या १८ वर्षांच्या इंग्रज तरुणाला प्रयोगशाळेत योगायोगाने एक जांभळा कृत्रिम रंग गवसला आणि वस्त्ररंगाईचा इतिहासच बदलला. स्वस्त, चमकदार व पक्क्या अशा कृत्रिम रंगांनी वनस्पतिजन्य रंगांना बाजारातून जवळजवळ हद्दपार केले. आज फळांची साल रंगाईच्या कारखान्यापाशी पुन्हा येऊ पाहत आहे. मात्र या वेळी ती कापडाला रंग देण्यासाठी नव्हे, तर सांडपाण्यातील रंग काढून घेण्यासाठी. ही कल्पना मोहक आहे आणि म्हणूनच ती नीट पारखून घेतली पाहिजे.

रंगाईच्या कुंडात टाकलेला सगळा रंग कापडाला लागत नाही. सुती कापडासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या रंगांच्या बाबतीत १० टक्क्यांपासून कधी कधी निम्म्यापर्यंत रंग पाण्यातच राहतो. एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम इतका अल्प रंग असला तरी तो डोळ्यांना जाणवू शकतो. गडद रंगाच्या पाण्यात सूर्यप्रकाश खोलवर पोहोचत नाही. त्यामुळे पाणवनस्पतींची वाढ खुंटते आणि त्यांच्यावर जगणाऱ्या जीवांचीही उपासमार होते. उन्हात विटू नये, साबणाने जाऊ नये म्हणून जो रंग मुद्दाम पक्का केलेला असतो, तो नदीत गेल्यावरही सहजासहजी नष्ट होत नाही. काही रंगांच्या विघटनातून तर कर्करोगास कारणीभूत ठरू शकणारी द्रव्ये निर्माण होतात. कापडावर जो गुण ठरतो, तोच पाण्यात दोष ठरतो.

वनस्पतींच्या साहाय्याने पाणी स्वच्छ करण्याची रीत भारताला नवी नाही. मडक्याच्या आतल्या बाजूस निवळीचे बी उगाळून त्यात गढूळ पाणी भरून ठेवले की गाळ तळाशी बसतो, हे लोकांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते. फळांच्या सालीचे कार्य मात्र वेगळ्या प्रकारे चालते. संत्र्याच्या वा केळ्याच्या सालीत सेल्युलोज, पेक्टिन, लिग्निन असे घटक असतात आणि पाण्यात त्यांच्या पृष्ठभागावर सामान्यतः ऋण विद्युतभार असतो. धन विद्युतभार असलेले रंगाचे रेणू या पृष्ठभागाकडे ओढले जातात व त्याला चिकटून राहतात. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. स्पंज पाणी आपल्या आत सामावून घेतो. अधिशोषणात पदार्थ केवळ पृष्ठभागावर धरला जातो.

कृतीही साधी आहे. साल धुऊन, वाळवून दळायची, ते चूर्ण रंगीत पाण्यात काही काळ ढवळायचे आणि पाणी गाळून घ्यायचे. कोइम्बतूर येथील भारतियार विद्यापीठात सी. नामशिवायम व त्यांच्या सहकाऱ्यांनी संत्र्याच्या सालीवर असे प्रयोग केले आणि त्यांचे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर अनेक देशांतील संशोधकांनी वेगवेगळ्या फळांच्या साली व कोयी तपासल्या. नारळाच्या करवंटीपासून तयार केलेला सक्रिय कोळसा तर उद्योगांत व घरगुती जलशुद्धीकरण यंत्रांत सर्रास वापरला जातो. त्याच्या एका ग्रॅममधील असंख्य सूक्ष्म छिद्रांचा एकूण पृष्ठभाग ५०० चौरस मीटरांहूनही अधिक भरू शकतो.

या उपायाचे आकर्षण उघड आहे. जगात सर्वाधिक केळी भारतात पिकतात. रस काढल्यानंतर संत्र्याचा सुमारे निम्मा भाग साल व चोथ्याच्या रूपाने उरतो. हा कचरा उकिरड्यावर कुजतो, तेव्हा दुर्गंधी पसरते आणि मिथेन वायू हवेत मिसळतो. ज्या छोट्या रंगाऱ्याला महागडा कोळसा परवडत नाही, त्याच्या हाती हे टाकाऊ द्रव्य आले, तर कचऱ्याचाही प्रश्न हलका होईल आणि पाण्याचाही. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हेच.

परंतु प्रयोगशाळेतील चंचुपात्र आणि कारखान्याचा नाला यांत फार अंतर आहे. सुती कापडाच्या बहुतेक आधुनिक रंगांवर ऋण भार असतो. त्यामुळे नुसती साल त्यांना पुरेशी धरून ठेवत नाही. तिच्यावर रासायनिक प्रक्रिया करावी लागते किंवा तिचा कोळसा करावा लागतो आणि मग स्वस्ताई कमी होते. कच्च्या सालीतील काही द्रव्ये पाण्यात उतरतात व पाणी नव्याने दूषित करतात. शिवाय रंगाने भरलेल्या त्या चुऱ्याचे पुढे काय करायचे, हा प्रश्न उरतोच. तो शेतात वा उकिरड्यावर फेकला, तर पावसाबरोबर रंग पुन्हा पाण्यात उतरणार. प्रदूषणाने केवळ जागा बदलली, एवढाच त्याचा अर्थ.

याहूनही मोठा मुद्दा तमिळनाडूतील नोय्यल नदीने शिकवला आहे. पश्चिम घाटातील वेळ्ळियंगिरी डोंगरात उगम पावणारी ही नदी होजिअरीसाठी प्रसिद्ध असलेल्या तिरुप्पूर शहरातून वाहत जाऊन पुढे कावेरीला मिळते. तिच्यावर शेतीच्या सिंचनासाठी १९९२ साली ओरत्तुपालयम धरण बांधण्यात आले. पण काही वर्षांतच त्या जलाशयात रंगाईचे सांडपाणी साठू लागले. लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांना हक्काचे पाणी डोळ्यांसमोर असून शेताला देता येईना. त्यांनी न्यायालयाचा आश्रय घेतला. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिरुप्पूरमधील शेकडो रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. त्याची झळ कारखानदारांप्रमाणेच पोटासाठी तेथे आलेल्या मजुरांनाही बसली. शेतकरी आणि मजूर, दोघेही कष्टकरी. एकाच्या पोटावर दुसऱ्याचे पोट उभे राहावे, अशी स्थिती येऊ देणे हेच मुळात अनर्थाचे कारण होते.

येथे पिकांच्या मुळावर आले होते ते मुख्यतः मीठ, केवळ रंग नव्हे. सुती कापडावर गडद रंग चढविण्यासाठी दर लिटर पाण्यात ५० ग्रॅमहूनही अधिक मीठ घालावे लागते. ते कापडात राहत नाही; जवळजवळ सगळे सांडपाण्यात जाते. खारट पाण्याने जमीन नापीक होते आणि विहिरी निकामी होतात. फळांची साल हे मीठ काढू शकत नाही. सालीने सगळा रंग शोषून घेतला असता, तरी नोय्यलचे पाणी शेतीला निरुपयोगीच राहिले असते. एवढेच नव्हे, तर ते अधिक फसवे झाले असते. लाल-निळे पाणी निदान धोक्याची खूण तरी करते. नितळ दिसणारे खारे पाणी शेतकरी विश्वासाने पाटात सोडील. रंग काढून मीठ तसेच ठेवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होय.

मग सालीचा उपाय टाकून द्यावा काय? मुळीच नाही. सांडपाण्याच्या शुद्धीकरणात अनेक पायऱ्या असतात आणि त्यांपैकी रंग काढण्याच्या पायरीवर साल किंवा तिचा कोळसा उपयोगी पडू शकतो. विशेषतः धन भाराचे रंग वापरणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना एकत्र येऊन अशी सोय उभारता येईल. मात्र वापरलेल्या चुऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीची तजवीज आधी झाली पाहिजे. मोठ्या कारखान्यांचे उत्तरदायित्व एवढ्याने संपत नाही. २०११ नंतर तिरुप्पूरच्या उद्योगाला सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याच्या अटीवर उभे राहावे लागले. सामायिक केंद्रांत पाणी व मीठ वेगळे करून पुन्हा वापरले जाऊ लागले. हा मार्ग खर्चिक आहे, हे खरे. पण तो खर्च कारखान्याने केला नाही म्हणून नाहीसा होत नाही. तो नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या शेतकऱ्याच्या माथी बसतो. रंगीत वस्त्राची खरी किंमत ज्याने ते वस्त्र कधी अंगावरही घातले नाही, त्याने का भरावी?

ज्या तंत्राने पाण्याचा रंग जातो, ते स्वागतार्हच आहे. परंतु पाणी शुद्ध झाले की नाही, याचा निवाडा डोळ्यांवर सोपवून चालणार नाही. त्यातील क्षार मोजावे लागतील, विषारी द्रव्ये तपासावी लागतील आणि त्या मोजमापाचे आकडे नदीकाठच्या लोकांना समजतील अशा भाषेत त्यांच्यापुढे ठेवावे लागतील. पाणी नितळ करणे हे कौशल्य आहे; ते निर्मळ करणे हे कर्तव्य आहे. पहिले साधले म्हणून दुसऱ्यातून सुटका होत नाही.