काढा, बाटली आणि बालकाचा श्वास

हिवाळा लागला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या घराघरांत मुलांचा खोकला सुरू होतो आणि त्याबरोबर जुना वादही उभा राहतो: आजीचा अडुळशाचा काढा बरा की दुकानातील औषधाची बाटली? आमच्या मते हा वादच मुळी चुकीच्या मुद्द्यावर चालला आहे.

अडुळसा ही केवळ भाबडी समजूत नव्हे. त्यातील व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्झिन हे आधुनिक औषध सिद्ध झाले. साध्या खोकल्यात कोमट पाणी व वर्ष उलटलेल्या मुलास थोडा मध एवढ्याने घसा निवतो. रोग आपल्या गतीने जातो. उलट, बाटलीवर इंग्रजी अक्षरे आहेत म्हणून ती शास्त्रशुद्ध ठरत नाही. २०२५ साली छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलीन ग्लायकॉल या विषाने दूषित झालेले खोकल्याचे औषध पिऊन वीस बालकांहून अधिक दगावली. दोन वर्षांखालील मुलांस असली औषधे देऊ नयेत, असे केंद्र सरकारनेही त्याच वर्षी बजावले.

परंतु एवढ्यावरून काढ्याने दावा जिंकला असे कोणी समजू नये. खोकल्यामागे न्यूमोनिया असेल, तर काढा निरुपयोगी आणि विलंब प्राणघातक होय. याचा पुरावा आपल्याच अंगणात आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांतील आरोग्यसेवकांस व सुइणींस न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक औषध देण्यास शिकविले. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, अशा उपचाराखालील ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ०.८ होते, तुलनेच्या गावांत ते शेकडा १३.५ होते!

तेव्हा निवाडा श्वासाने करावा. मूल शांत असता पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० किंवा त्याहून अधिक भरल्यास, बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असल्यास, अथवा मुलाने दूध सोडल्यास, त्याच दिवशी आशाताईंस बोलवावे वा दवाखाना गाठावा. व्यापारी बंधूंनी चिठ्ठीवाचून मुलांसाठी बाटली विकू नये. त्या चार पैशांच्या नफ्यापेक्षा गिऱ्हाइकाचे मूल मोलाचे आहे. अंगणातील अडुळसा खुशाल राखावा. मात्र त्याच्या भरवशावर रात्र काढू नये.